उवा परत परत का येतात? औषध बदलण्याआधी हे तपासा

औषध लावलं, फणी फिरवली, मेलेल्या उवा पंचावर पडताना डोळ्यांनी बघितल्या. आठवडाभर डोकं शांत. आणि मग अभ्यासाला बसलेली मुलगी पुन्हा कानामागे खाजवायला लागते. लगेच घरात सुरू होतं: औषधच खोटं निघालं, शाळाच तसली आहे, हिचे केस कापून टाका एकदाचे. ज्या घरात दोन-तीन मुलं आहेत आणि रात्री अंथरुणं एकमेकांना लागून पडतात, तिथे हे रहाटगाडगं वर्षभर चालू राहू शकतं.

वारंवार होणाऱ्या उवांमध्ये बहुतेक वेळा दोनच गोष्टी राहून गेलेल्या असतात. एक तर औषधाची दुसरी तारीख, नाहीतर घरातलं एखादं डोकं. म्हणून नवीन बाटली आणायच्या आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. उवा किती दिवसांनी दिसल्या? आणि दिसल्या त्या केवढ्या होत्या? या दोन उत्तरांत बिघाड कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं.

त्यासाठी उवांचा हिशोब माहीत हवा. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, म्हणजे 2 ते 3 मिलिमीटर असते. मादी दिवसाला सहा ते आठ अंडी घालते. हीच लीख. ती केसाला अगदी मुळाशी, डोक्याच्या कातडीपासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर अंतरावर चिकटवलेली असते, कारण पिल्लू तयार व्हायला डोक्याची ऊब लागते. लिखेतून पिल्लू बाहेर यायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. त्या पिल्लाला मोठं होऊन स्वतः अंडी घालायला आणखी 9 ते 12 दिवस. डोक्यावर ऊ महिनाभर जगते. डोक्यावरून खाली पडली, रक्त मिळालं नाही, की एक-दोन दिवसांत मरते. तिला पंख नसतात, ती उडी मारत नाही. एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर ती चालत जाते, त्यामुळे डोक्याला डोकं लागणं हाच तिचा मुख्य रस्ता.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या उवा पळताना दिसल्या

औषध लावल्यावर आठ ते बारा तासांनी फणी फिरवून बघायचं. उवा जिवंत आहेत पण मंदावल्यात, जेमतेम पाय हलवतायत, तर औषध काम करतंय. पुन्हा ओतू नका, फणीने काढत राहा. पण एकही मेलेली नाही आणि सगळ्या पहिल्यासारख्याच चपळ आहेत, तर दोन शक्यता. औषध केसांपर्यंत नीट पोचलं नाही, किंवा त्या उवांना ते औषध लागू पडत नाही.

पहिली शक्यता आपल्याकडे फार मोठी, आणि तिचं कारण तेल. आपण मुलींना खोबरेल चोपडून घट्ट वेण्या घालतो. त्याच तेलकट केसांवर औषध लावलं तर ते वरच्या वर राहतं. पर्मेथ्रिन 1 टक्क्याचं औषध लावायचं असेल तर आधी साध्या शाम्पूने तेल काढा. कंडिशनर लावू नका, त्यानेही औषध केसावर बसत नाही. मग टॉवेलने पाणी टिपून घ्या. केस ओलसर हवेत, पाणी निथळणारे नकोत. कानांमागे आणि मानेवरच्या केसांपासून सुरुवात करा, कारण उवांचा आणि लिखांचा सगळ्यात जास्त भरणा तिथेच असतो. घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. डोळ्यांवर कोरडा टॉवेल घट्ट धरायला सांगायचं. केस धुताना मुलीला बेसिनवर किंवा मोरीत ओणवं बसवायचं. अंघोळीत डोक्यावरून पाणी घेतलं की औषध सगळ्या अंगावरून ओघळतं. नंतरचे एक-दोन दिवस पुन्हा केस धुवायचे नाहीत.

कमरेपर्यंत केस असतील तर एक बाटली पुरत नाही. एका बाटलीत दोन मुली आणि उरलंसुरलं आईला, अशी वाटणी केली की तिघींच्याही डोक्यात थोड्या थोड्या उवा शिल्लक राहतात.

दुकानात नुसतं ‘उवांचं औषध द्या’ म्हणून थांबू नका, बाटलीवरचं नाव आणि टक्केवारी वाचा. पर्मेथ्रिनचं 5 टक्क्यांचं मलम खरजेसाठी असतं. डोक्याच्या उवांसाठी 1 टक्का. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठलंच औषध लावायचं नाही, त्याच्या उवा हाताने किंवा फणीने काढायच्या. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने आधी डॉक्टरांना विचारावं.

सगळं नीट करूनही उवा धडधाकट राहिल्या तर तेच औषध तिसऱ्यांदा, चौथ्यांदा लावण्यात अर्थ नाही. पर्मेथ्रिनला न जुमानणाऱ्या उवा जगाच्या अनेक भागांत आहेत. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ डायमेथिकोनसारखं औषध सुचवू शकतात. ते विष नाही, सिलिकॉनचा थर आहे. उवेला गुंडाळून तो तिचा जीव घेतो. आयव्हरमेक्टिनही आहे, पण त्याच्या गोळ्या 15 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना देत नाहीत, आणि त्या मनाने आणून घ्यायच्याही नाहीत. लिंडेन म्हणजे गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड हे जुनं औषध कुणी सुचवलं तर मुलांसाठी ते टाळाच, ते मेंदूला आणि मज्जातंतूंना बाधू शकतं.

आठवड्याने, दहा दिवसांनी बारीक पिल्लं दिसली

सगळ्यात जास्त घरांत हेच होतं. मोठी ऊ एकही नाही, पण फणीला टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके लागतात आणि चालतात. ही त्याच डोक्यावरच्या लिखांमधून बाहेर पडलेली पिल्लं. पर्मेथ्रिन उवा मारतं, लिखा सगळ्या मारत नाही. शिल्लक लिखा आपल्या ठरलेल्या वेळी फुटणारच. म्हणूनच औषध दोनदा लावायचं असतं, आणि दुसरी वेळ नवव्या दिवसाच्या आसपास यावी लागते. चौथ्या दिवशी लावलं तर अर्ध्या लिखा अजून बंद असतात. पंधराव्या-सोळाव्या दिवशी आठवण झाली, तर पहिल्या पिल्लांतली काही अंडी घालायच्या बेतात आलेली असतात आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर.

पहिली वेळ सगळे उत्साहाने करतात. नवव्या दिवशी मात्र डोकं खाजत नसतं, मुलं खेळायला गेलेली असतात, मधला वार असतो, आणि राहून जातं. त्यावर उपाय एकच. ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब आणि गॅसची तारीख लिहितो, त्याच्यावरच गोल करून ठेवायचे. समजा रविवारी 5 तारखेला औषध लावलं. मग 8 आणि 11 ला फणी. 14 ला, म्हणजे मंगळवारी, दुसऱ्यांदा औषध. 17, 20 आणि 23 ला पुन्हा फणी. 26 च्या रविवारी सगळ्यांची शेवटची तपासणी. मधल्या वाराचं औषध शाळेतून आल्यावर संध्याकाळी लावलं तरी चालतं, तारीख चुकवायची नाही.

आता फणीबद्दल. सगळी मेहनत शेवटी तिच्यावर येते. प्लॅस्टिकच्या फणीचे दात दोन-चार वापरांत फाकतात आणि मधून लीख निसटते. लांब, ताठ दातांची स्टीलची फणी घ्या, औषधांच्या दुकानात मिळते. इस्रायलमध्ये लाखीशच्या उत्खननात हस्तिदंताची एक फणी सापडली आहे, सुमारे 3700 वर्षांपूर्वीची. एका बाजूला गुंता सोडवायचे थोडे जाड दात, दुसऱ्या बाजूला उवांसाठी बारीक दाट दात, आणि फणीवर कोरलेलं मागणं: या हस्तिदंताने केसांतल्या नि दाढीतल्या उवा निघून जावोत. आपल्या आज्यांच्या दुहेरी फण्यांसारखीच रचना. एवढ्या काळात औषधं किती आली नि गेली, फणी मात्र तीच राहिली, कारण ती लागू पडते.

फणी कोरड्या केसांतून घाईने ओढली की दुखतं, पोर पळून जाते, आणि उवाही बाजूला सरकतात. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावा (औषधाचा दिवस सोडून), किंवा घरात कंडिशनर नसेल तर तेल. निसरड्या केसांत उवेला पळता येत नाही. आधी जाड कंगव्याने गुंता काढा. खिडकीजवळ उजेडात बसा, खांद्यावर पांढरा पंचा टाका. केसांचे बोटभर रुंदीचे भाग करा, एक भाग हातात, बाकीचे चापाने बाजूला. फणीचे दात कातडीला टेकवून मुळापासून थेट टोकापर्यंत एका दमात आणायचे. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कपड्यावर पुसून बघायची. कपड्यावर काय आलं ते बघितल्याशिवाय पुढचा हात मारायचा नाही. रक्त प्यायलेली ऊ तांबूस-काळसर दिसते, उपाशी असेल तर राखाडी. लांब दाट केसांना अर्धा-पाऊण तास सहज लागतो. मुलीच्या हातात गोष्टीचं पुस्तक द्या, तिच्याशी बोला. हा वेळ रागावण्यात गेला तर पुढच्या वेळी ती बसणार नाही.

औषध लावायचंच नसेल तर नुसत्या फणीनेही उवा जातात. मात्र दर तीन-चार दिवसांनी आणि निदान दोन आठवडे, न चुकता. शेवटच्या तपासण्यांत एकही जिवंत ऊ दिसता कामा नये. घरात हे नेटाने करणारा एक माणूस असेल तरच या वाटेला जा.

दोन-तीन आठवडे काहीच नाही, आणि मग एकदम मोठ्या उवा

दोन्ही वेळा औषध तारखेला लागलं, फणीला पिल्लं आली नाहीत, आणि नंतर थेट पूर्ण वाढलेली ऊ सापडली, तर ती बहुधा दुसऱ्या डोक्यावरून आलेली आहे. ते डोकं बहुतेक वेळा घरातलंच असतं.

पहिल्यांदाच उवा झाल्या तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. ही खाज उवेच्या लाळेची ॲलर्जी असते आणि ती हळूहळू तयार होते. म्हणजे ज्याला अजिबात खाजत नाही त्याच्या डोक्यातही महिनाभर उवा सुखाने नांदत असतात. ‘माझं डोकं खाजत नाही, मला कशाला बघतेस’ हे वाक्य म्हणूनच ग्राह्य धरायचं नाही. आमच्याकडे धाकटी रोज रात्री आजीच्या कुशीत झोपते. सासूबाईंना म्हटलं, “आई, जरा मान खाली घाला, बघते.” त्या म्हणाल्या, “अगं, माझ्या डोक्यावर केस ते उरलेत किती, त्यात ऊ कुठे लपणार?” आंबाडा सोडला, मानेकडून फणी लावली, आणि पंचावर एक मोठी ऊ चालायला लागली. त्यांना फार वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर ते नातीच्या प्रेमाचं होतं, कुशीत घेतल्याशिवाय उवा जात-येत नाहीत.

तर एकाच दिवशी घरातली सगळी डोकी बघायची. आजी, आई, बाबा, कॉलेजात जाणारा काका, सगळी. पुरुषांच्या आखूड केसांत कमी सापडतात, पण सापडतात. ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ आहे त्या सगळ्यांना औषध त्याच दिवशी. एका अंथरुणात झोपणाऱ्यांना उवा दिसल्या नाहीत तरी त्याच दिवशी औषध लावून घेतलेलं बरं. आज एकीला, पुढच्या रविवारी दुसरीला, असं केलं की उवा एकीकडून दुसरीकडे फिरत राहतात. आणि सगळ्यांच्या उवा काढणाऱ्या आईचं डोकं कोण बघतं? तिला स्वतःच्या मानेमागचं दिसत नाही. नवऱ्याने किंवा मोठ्या मुलीने फणी हातात घ्यावी.

घरात कुठेच सापडली नाही तर बाहेरचं बघा. मे महिन्यात मामाकडे सगळी भावंडं गच्चीवर एका सतरंजीवर झोपतात, गौरी-गणपतीला पाहुण्यांनी घर भरतं, शाळेत मुली एका बाकावर डोक्याला डोकं लावून बसतात, मोबाइलमध्ये तिघं एकत्र वाकून बघतात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर बऱ्याच घरांत फणी बाहेर निघते ती याच कारणाने. त्या घरांना कळवलंच पाहिजे. लाज वाटते, मान्य आहे, पण न कळवल्याने तुमचीच मुलगी पुन्हा पुन्हा भोगते. जाऊबाईंना, नणंदेला, मुलीच्या मैत्रिणीच्या आईला सरळ एवढंच लिहा: “आमच्याकडे उवा सापडल्या, उपचार चालू केलेत. तुम्हीही आज मुलांची डोकी बघून घ्या, म्हणजे दोन्हीकडचं एकदम होईल.” कुणाकडून आल्या याचा शोध घेऊ नका, तो कधीच लागत नाही. आणि भांडी घासायला येणाऱ्या ताईंवर बोट दाखवायची जी सवय असते ती तर सोडूनच द्या. त्यांचं डोकं तुमच्या मुलीच्या डोक्याला लागतच नाही.

वसतिगृहात राहणारी मुलगी असेल तर एकटीला औषध देऊन भागत नाही. खोलीतल्या सगळ्यांचं एका दिवशी व्हावं म्हणून अधीक्षकांशी बोलावं लागतं, आणि मुलगी सुट्टीवर आली की अंथरूण घालण्याआधी डोकं बघायचं.

उवा नाहीतच, पण लिखा दिसतायत आणि खाज आहे

ही उवांची पुनरावृत्ती नसते, आणि नेमक्या याच मुलांना विनाकारण औषधाचे डोसावर डोस बसतात. पिल्लू निघून गेल्यावरही रिकामं टरफल केसाला चिकटून राहतं. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, तसं ते कातडीपासून लांब जातं. कातडीपासून सेंटिमीटरभरापेक्षा लांब, पांढरट, चकचकीत लीख दिसली तर ती बहुतेक रिकामी किंवा मेलेली. भरलेली लीख मुळाशी आणि तपकिरी-पिवळसर असते. कोंडा नखाने ढकलला की केसावरून घसरतो, लीख घसरत नाही. फुटलेल्या लिखांची टरफलं नखाने ओढून काढायची ती दिसू नयेत म्हणून. त्यांच्यापासून धोका काही नाही.

खाजही उवा मेल्यानंतर आठवडा-दोन आठवडे टिकू शकते. वरचेवर औषध लावल्याने कातडी कोरडी पडून उलट जास्त खाजतं. तेव्हा नियम सोपा ठेवा: जिवंत, चालणारी ऊ डोळ्यांनी दिसल्याशिवाय औषधाची नवी फेरी सुरू करायची नाही.

घराच्या साफसफाईवर मी कमी बोलते, कारण तिथे फार शक्ती वाया जाते. औषध लावायच्या आधीच्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, चादरी, टॉवेल, ओढण्या, टोप्या गरम पाण्यात, 55-60 अंशांच्या, भिजवून धुवा आणि वाळवा. धुता न येणारं काही असेल तर पिशवीत बांधून दोन आठवडे बाजूला ठेवा. कंगवे आणि फणी तसल्याच गरम पाण्यात दहा मिनिटं. बस. गाद्या फाडायला नकोत, सोफ्यावर कीटकनाशक फवारायला तर मुळीच नको. कुत्र्या-मांजरांचा इथे काही संबंध नाही, माणसाची ऊ माणसावरच जगते.

आणि एका गोष्टीसाठी हात जोडून सांगते. उवांनी जीव जात नाही, डोक्यातल्या उवांनी कुठला रोगही पसरत नाही. पण उवांवरच्या उपायांनी मुलं दवाखान्यात गेली आहेत. रॉकेल डोक्याला लावू नका: जवळ शेगडी किंवा दिवा असेल तर केस पेटतात, आणि चुकून पोटात गेलं तर फुप्फुसांना इजा होते. शेतातलं फवारणीचं औषध, ढेकणांचं औषध, झुरळांचा खडू यांतलं काही केसांत जाता कामा नये, ही विषं कातडीतून अंगात भिनतात. सीताफळाच्या बिया वाटून लावायची पद्धत आपल्याकडे घरोघर माहीत आहे. ती पूड उवा मारते हे खरं, पण तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम होते, डोळा लाल होऊन भयंकर ठणकतो, दिसणं अंधूक होतं. गेलीच तर लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. खोबरेलात कापूर घालणाऱ्यांनीही ते तेल लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नये. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. कडुनिंब, करंज यांची तेलं लावून फणी केली तर उवा निघतात त्या फणीमुळे, एवढं लक्षात ठेवून लावायची तर लावा.

केस कापण्याबद्दल. खांद्यापर्यंत केस केले की फणी लवकर फिरते, मुलीला पटत असेल तर जरूर करा. पण शिक्षा म्हणून, रागाच्या भरात, सगळ्यांसमोर कात्री चालवू नका. धुतलेले स्वच्छ केसही उवेला चालतात, ही घाणेरडेपणाची खूण नाही, आणि मुलीने काही चूक केलेली नाही. शाळेनेही उपचार सुरू झाल्यावर तिला घरी बसवायचं कारण नाही. शाळेत जाताना केस बांधलेले असू द्या आणि कंगवा, रिबिनी, हेअरबँड आपापल्या वापरायला शिकवा, तेवढं पुरतं.

खाजवून खाजवून डोक्यात पू झाला, खपल्या धरल्या, केस चिकटून जटा झाल्या, मानेमागे किंवा कानामागे दुखऱ्या गाठी लागल्या किंवा ताप आला, तर उवांचं औषध घरी लावत बसू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. जखमांचा जंतुसंसर्ग त्यांच्या औषधाने बरा करून मग उवांकडे वळायचं, कारण सोललेल्या कातडीवर हे औषध फार झोंबतं.